मिठाचा कर गोळा करणाऱ्या माणसाने कालवा खणला, आज त्याच्या काठावर जग सायकल चालवतंय

दक्षिण फ्रान्समधलं तुलूझ शहर. रेल्वे स्टेशनमधून बाहेर पडायचं, समोरचा रस्ता ओलांडायचा की लगेच एक कालवा लागतो. सायकल त्याच्या काठावर घ्यायची आणि आग्नेयेला निघायचं. अर्ध्या-पाऊण तासात शहर मागे पडतं. डाव्या-उजव्या बाजूला लोरागे नावाचा प्रदेश सुरू होतो. गहू आणि सूर्यफुलाची शेतं, लाटांसारख्या वरखाली होणाऱ्या टेकड्या, मध्येच एखाद्या गावाचं चर्च.

आजूबाजूला सगळ्या टेकड्या आहेत, पण तुमची सायकल मात्र सपाट रस्त्यावर चालली आहे. हॉर्न नाही, ट्रक नाही, मागून घासून जाणारी कार नाही. सुमारे 50 किलोमीटर गेल्यावर तुम्ही जेमतेम 60 मीटर वर चढलेले असता, आणि तेही लक्षात न येता.

हा सपाट रस्ता निसर्गाने दिलेला नाही, आणि सायकलसाठीही तो कुणी बांधला नव्हता. तो बांधला गेला तेव्हा सायकलचा शोध लागायला दीडशे वर्षं बाकी होती.

या रस्त्यामागे एक माणूस आहे. तो इंजिनिअर नव्हता. त्याचा धंदा होता मिठावरचा कर गोळा करण्याचा. या कालव्यासाठी त्याने आयुष्यभराची कमाई घातली, लाखोंचं कर्ज केलं आणि कालवा सुरू व्हायला आठ महिने उरले असताना तो वारला.

त्याचं नाव पियेर-पॉल रिके. आणि कालव्याचं नाव कनाल द्यु मिदी.

मिठाच्या पैशातून श्रीमंत झालेला माणूस

रिकेचा जन्म 1609 च्या आसपासचा. गाव बेझिये, भूमध्य समुद्रापासून जवळच. बाप गावातला वजनदार माणूस. कायद्याची कागदपत्रं करायचा आणि व्यवसायही सांभाळायचा. पोराला गणिताची आणि यंत्रांची आवड होती असं सांगतात, पण पुढे त्याने पकडला तो पैशाचा रस्ता.

तेव्हा फ्रान्समध्ये मिठावर कर होता. त्याला गाबेल म्हणायचे. राजा हा कर स्वतः गोळा करत नसे, त्याचा मक्ता द्यायचा. मक्तेदाराने राजाला ठरलेली रक्कम भरायची आणि त्यावर जे वसूल होईल ते आपल्या खिशात घालायचं. मीठ लागत नाही असं घर नाही, त्यामुळे मक्तेदार गब्बर व्हायचे आणि लोक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. मिठावरचा कर किती संताप आणू शकतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दांडी आणि शिरोडा आपल्याला माहीत आहे.

रिके लांगदोक प्रांतातला असाच बडा मक्तेदार झाला. शेजारच्या रुसियों भागात हाच कर लादला गेला तेव्हा तिथल्या डोंगराळ लोकांनी बंड केलं, आणि ज्यांच्याविरुद्ध ते बंड होतं त्या वसुलीवाल्यांमध्ये रिके होता. त्याचा पैसा काही निव्वळ पुण्याईतून आलेला नव्हता, हे आधीच लक्षात ठेवायला हवं. तुलूझजवळ बोंरपो नावाची जहागीर आणि वाडा त्याने याच पैशातून घेतला.

पन्नाशी ओलांडली होती. पैसा होता, वाडा होता, बायकापोरं होती. आरामात बसून खायचं असं ठरवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं.

पण कालव्याची गरजच काय होती?

फ्रान्सचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला अटलांटिक महासागर, दक्षिणेला भूमध्य समुद्र. एका किनाऱ्यावरचा माल दुसऱ्या किनाऱ्यावर न्यायचा तर जहाजाला अख्ख्या स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावं लागायचं. अंतर सुमारे 3 हजार किलोमीटर. त्यात वादळं, चाचे आणि ज्याच्याशी फ्रान्सचं कायम भांडण त्या स्पेनचं आरमार.

जमिनीवरून पाहिलं तर हे अंतर फारच कमी होतं. अटलांटिकपासून तुलूझपर्यंत गारोन नदीतून बोटी यायच्या. तुलूझपासून भूमध्य समुद्र उरतो सुमारे 240 किलोमीटर. एवढा तुकडा खणला की दोन समुद्र जोडले गेले.

ही कल्पना रिकेच्या डोक्यातून निघाली नव्हती. त्याच्या आधी शंभर-दीडशे वर्षं राजे, दरबारी आणि इंजिनिअर यावर बोलत होते. पहिल्या फ्रान्सिस राजाच्या काळातही पाहणी झाली होती. दर वेळी प्लॅन यायचा आणि गुंडाळला जायचा, आणि गुंडाळायचं कारणही दर वेळी एकच असायचं.

गाडं अडत होतं पाण्यावर

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडतो. त्यातलं काही पाणी कोकणात उतरतं आणि काही देशावर येतं. तसाच एक माथा तुलूझ आणि भूमध्य समुद्राच्या मध्ये आहे. तो सह्याद्रीसारखा उंच नाही, समुद्रसपाटीपासून जेमतेम 190 मीटर. त्या जागेचं नाव नोरूझ. इथून पश्चिमेला गेलेलं पाणी अटलांटिकला मिळतं आणि पूर्वेला गेलेलं भूमध्य समुद्राला.

कालव्याला हा माथा चढून पलीकडे उतरायचं होतं. बोट चढवायची कशी हे लोकांना माहीत होतं. त्यासाठी लॉक असतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला मोठा हौद. बोट खालच्या दाराने आत येते, दार बंद होतं, वरचं पाणी हौदात सोडतात, पाण्यासोबत बोट वर येते, मग वरचं दार उघडतं आणि बोट पुढच्या पातळीवर जाते. उतरताना याच्या उलट.

सोपं आहे, पण यात एक खर्च आहे. प्रत्येक बोटीमागे एक हौदभर पाणी खाली जातं. नोरूझला तर ते दोन्ही बाजूंनी जाणार. म्हणजे सगळ्यात उंच जागी सतत, उन्हाळ्यातसुद्धा पाणी हवं. आणि सगळ्यात उंच जागीच पाणी नसतं.

आधीच्या सगळ्या लोकांची विकेट इथेच पडली होती.

रिकेने नोरूझच्या आजूबाजूला पाणी शोधलं नाही. त्याने ईशान्येकडे बघितलं. तिथे मोंतान्य नुआर, म्हणजे काळा डोंगर आहे. पाऊस भरपूर आणि ओढे बारमाही. मिठाच्या कामासाठी रिके याच डोंगराच्या पायथ्याशी रेव्हेल गावात राहिलेला, त्यामुळे तो हा भाग ओळखून होता.

त्याच्या मदतीला आला रेव्हेलचा पियेर काम्पमास. गावाला पाणी पुरवायचं, झरे आणि पाट सांभाळायचे हे त्याचं काम. कुठला ओढा कुठे जातो, कुठे थोडं खणलं की पाणी वळतं, हे त्याला पाठ होतं. डोंगरातले पाच-सहा ओढे अडवायचे, त्यांचं पाणी एका पाटात घ्यायचं आणि तो पाट डोंगराच्या कडेकडेने हळूहळू उतरवत थेट नोरूझच्या माथ्यावर आणून सोडायचा, अशी योजना ठरली. पाटाची लांबी 60 किलोमीटरपेक्षा जास्त.

कागदावर हे खरं वाटत नव्हतं, म्हणून रिकेने आपल्या वाड्याच्या बागेत छोटा कालवाच करून पाहिला. त्यात हौद, दारं आणि पाण्याचे उतार असं सगळं होतं.

राजाशी सौदा

नोव्हेंबर 1662 मध्ये रिकेने चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला पत्र लिहिलं. तुलूझच्या आर्चबिशपला त्याने आधीच आपल्या बाजूने केलं होतं. कोल्बेरला व्यापार वाढवायचा होता, आणि लुईला आपल्या नावावर काहीतरी भव्य हवं होतं. स्पेनला बाजूला टाकून दोन समुद्र जोडायची कल्पना दोघांनाही भावली.

पण कोल्बेर हिशोबाचा पक्का होता. त्याने समिती नेमली. समितीने आधी पाणी आणून दाखवायला सांगितलं. 1665 मध्ये रिकेने प्रयोगासाठी अरुंद पाट खणला, आणि काळ्या डोंगराचं पाणी नोरूझला पोहोचलं. ज्या गोष्टीवर इतकी वर्षं सगळं अडलं होतं ती एका कर गोळा करणाऱ्याने करून दाखवली.

ऑक्टोबर 1666 मध्ये राजाचा हुकूम निघाला. आपल्याकडे हे वर्ष आग्र्याहून सुटकेचं. त्याच वर्षी कालव्याच्या भूमध्य टोकासाठी सेत बंदराचंही काम सुरू झालं.

सौदा असा होता. पैसे तिघांनी घालायचे: राजाने, लांगदोक प्रांताने आणि रिकेने स्वतः. बदल्यात कालवा रिकेच्या घराण्याच्या मालकीचा राहील आणि त्यावरचा टोल पिढ्यानपिढ्या त्यांना मिळेल. आजच्या भाषेत सांगायचं तर बांधा, वापरा आणि टोल घ्या. फरक इतकाच की परत द्यायची अट नव्हती.

12 हजार माणसं आणि भरपगारी रजा

1667 मध्ये काम सुरू झालं. सगळ्यात आधी सँ-फेरेओलचं धरण. काळ्या डोंगराचं पावसाळी पाणी साठवून उन्हाळ्यात सोडायचं, तर साठा हवाच. जवळपास 780 मीटर लांब आणि 30 मीटरपेक्षा उंच असं हे धरण पाच वर्षांत उभं राहिलं. साठा 60 लाख घनमीटरपेक्षा जास्त. तेव्हाच्या युरोपात एवढं मोठं धरण दुसरं नव्हतं. मधला भराव माणसांनी टोपल्या वाहून घातलेला, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या.

कालव्यावर एका वेळी जास्तीत जास्त 12 हजारांच्या आसपास लोक काम करत होते. आणि इथे रिकेने त्या काळाला न शोभणारी गोष्ट केली. त्याने महिन्याचा पगार ठरवला, 10 लिव्र. रविवारी आणि सणावाराला सुट्टी. पाऊस पडला आणि काम बंद राहिलं तरी पगार. आजारी पडलं तरी पगार.

हे वाचून रिके मोठा दयाळू होता असं वाटेल. त्यात हिशोबही होता. सुगी आली की मजूर शेताकडे पळायचे आणि काम ठप्प व्हायचं. त्यांना धरून ठेवायचं तर शेतमालकापेक्षा जास्त द्यायला हवं होतं. हेतू काहीही असो, मजुराच्या हातात पैसा पडत होता. ज्या माणसाने मिठावर लोकांकडून पैसा काढला, त्याच माणसाच्या कामावर पावसाच्या दिवसाचाही पगार मिळत होता.

बायकांबद्दल अजून एक गोष्ट. पिरेनीज डोंगरातल्या गावांमध्ये बायका पिढ्यानपिढ्या पाट आणि पाणवठे सांभाळत आल्या होत्या. पाणी उतारावरून कसं न्यायचं याचं त्यांचं ज्ञान कालव्याच्या कामी आलं असं इतिहासाच्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. बेझियेजवळ फोंसेरान इथे तर लॉकचा जिनाच आहे. एकाला लागून एक असे आठ हौद, आणि त्यातून बोट 21 मीटरपेक्षा जास्त उतरते. याचं कंत्राट लिहिता-वाचता न येणाऱ्या दोन भावांकडे होतं आणि मजुरांमध्ये बहुतांश बायका होत्या.

चुका झाल्या, आणि त्यातूनच रस्ता सपाट झाला

रिकेचं सगळं पहिल्या फटक्यात जमलं असं नाही. सुरुवातीला बांधलेल्या एका लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने आत कोसळल्या. मग त्याने हौदाचा आकार बदलला. सरळ भिंतीऐवजी बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, वरून बघितलं तर अंड्यासारख्या. कमान जशी वजन पेलते तशी ही भिंत मातीचा दाब पेलते. हे लंबगोल लॉक आजही कालव्याची ओळख आहेत.

नोरूझच्या माथ्यावर त्याने मोठा अष्टकोनी जलाशय केला, त्याच्याभोवती नवं शहर वसवायचा बेत होता. जलाशय गाळाने भरला आणि शहर काही झालं नाही. आज तिथे झाडी आहे आणि सायकलवाले डबा खायला थांबतात.

प्रत्येक लॉक म्हणजे खर्च, वेळ आणि पाणी. म्हणून जिथे जमेल तिथे रिकेने लॉक टाळले. टेकडी आली की तिच्यावर चढायचं नाही, तिला खणायचंही नाही. उंची तीच ठेवून तिच्या कडेने वळसा घालायचा. सायकलवाल्यांना आज जे वळणदार, डुलत जाणारं सुख मिळतं ते या काटकसरीतून आलं आहे. बेझियेच्या अलीकडे तर सलग 54 किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा द्राक्षमळ्यांमधून नागमोडी जात राहतो आणि त्याची पातळी तसूभर बदलत नाही.

आणि काठावरची वाट? तेव्हा बोटीला इंजिन नव्हतं. वारा असेल तर शीड लावायचं, नाहीतर घोड्याने किंवा माणसाने काठावरून दोरी ओढायची. दोरी ओढणाऱ्याला पाण्याच्या अगदी शेजारून, पाण्याच्याच पातळीवर, अखंड वाट हवी. मध्ये घर नको, कुंपण नको, चढ नको. ती वाट कालव्याच्या सोबतच केली गेली. आज सायकली चालतात त्या याच वाटेवर.

पैसे संपले, विश्वासही संपला

1670 चं दशक रिकेसाठी वाईट गेलं. लुई युद्धात गुंतला होता आणि पॅरिसहून पैसे वेळेवर येईनात. प्रांताच्या सभेला हा खर्च नकोसा झाला होता. कार्कासॉन शहराने आपला वाटा द्यायला नकार दिला, म्हणून कालवा त्या शहराला टाळून पुढे गेला. पुढे व्यापार हातचा गेल्यावर त्यांना चूक कळली आणि 1810 मध्ये कालवा वळवून शहरात आणावा लागला.

कोल्बेरचा रिकेवरचा भरवसाही उडाला होता. खर्चाच्या आकड्यात रिके हात मारतोय असा त्याला संशय होता. त्याने कामावर आपला माणूस देखरेखीला ठेवला. एका बाजूने चौकशी आणि दुसऱ्या बाजूने मजुरांचा पगार. रिकेने कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं काढलं. मुलींच्या हुंड्यासाठी ठेवलेला पैसाही कालव्यात गेला असं सांगतात.

आणि मग आली मालपाची टेकडी. बेझियेच्या थोडं आधी ती कालव्याच्या रस्त्यात आडवी येते. इथे वळसा शक्य नव्हता. आतला दगड ठिसूळ, खणलं की ढासळायचा. विरोधकांना आयतं निमित्त मिळालं आणि काम थांबवायचा हुकूम आला.

रिकेने वरवर काम थांबवलं. पण आपल्या एका गवंड्याला गुपचूप बोगदा पाडायला सांगितला, आणि आठवड्याभरात टेकडीच्या पलीकडचा उजेड दिसला अशी गोष्ट तिथे सांगितली जाते. गोष्टीत मीठमसाला असेल. पण 1679 मध्ये मालपाचा बोगदा झाला हे नक्की. लांबी 160 मीटरपेक्षा थोडी जास्त. बोटी जाव्यात म्हणून खणलेला हा पहिला बोगदा मानला जातो. या टेकडीच्या पोटात मध्ययुगातला पाणी काढून द्यायचा एक बोगदा आधीच होता. पुढे रेल्वे आली तेव्हा तिसरा झाला.

आठ महिने

1 ऑक्टोबर 1680. रिके तुलूझमध्ये वारला. कामाला चौदावं वर्ष लागलं होतं. कालवा भूमध्य टोकाच्या थो सरोवरापर्यंत पोहोचायला फक्त चार-पाच किलोमीटर उरले होते.

उरलेलं काम त्याच्या मुलाने, जाँ-मातियास रिकेने पुरं केलं. मे 1681 मध्ये कालव्याचं उद्घाटन झालं, अधिकारी आणि धर्मगुरू बोटीतून मिरवत गेले. ज्याने हे सगळं केलं त्याला तुलूझच्या कॅथेड्रलमध्ये पुरलेलं होतं.

कालव्याचा एकूण खर्च दीड कोटी लिव्रच्या वर गेला. त्यातला साधारण पाचवा हिस्सा एकट्या रिकेचा. मागे राहिलं 20 लाख लिव्रपेक्षा जास्त कर्ज. ते फेडायला मुलांना कालव्यातले हिस्से विकावे लागले. घराण्याला कालव्यातून खरी कमाई सुरू झाली ती 1724 मध्ये. म्हणजे रिके गेल्यावर 44 वर्षांनी.

मग कालवा चालला का?

राजाला जे स्वप्न विकलं होतं ते पूर्ण झालं नाही. समुद्रातली मोठी जहाजं या कालव्यातून कधीच गेली नाहीत. त्यात मावायच्या त्या कालव्यापुरत्या बोटी.

पण ज्याचा फारसा गाजावाजा नव्हता ते झालं. एके काळी लोरागेची श्रीमंती होती निळा रंग देणाऱ्या एका झाडावर. भारतातली नीळ युरोपात यायला लागली आणि तो धंदा बसला. कालव्यामुळे त्याच शेतातल्या गव्हाला बाजार मिळाला. पुढे बेझियेकडची वाइन याच वाटेने निघाली. घोड्यांनी ओढायची टपालबोट तुलूझहून चार दिवसांत समुद्राकडे पोहोचवायची.

रिकेच्या मागे किल्ले बांधणारा प्रसिद्ध इंजिनिअर व्होबाँ पाहणीला आला. पावसाळी ओढे कालव्यात घुसून गाळ आणि पूर आणत होते. व्होबाँने ओढ्यांना कालव्याखालून वाट काढून दिली आणि बरेच जलसेतू बांधून घेतले. तेव्हा कुठे कालवा नीट चालू लागला. श्रेय रिकेचंच, पण कालवा एकट्याचा नाही.

1787 मध्ये अमेरिकेचा फ्रान्समधला राजदूत इथे आला. त्याने आपली घोडागाडी बोटीवर चढवली आणि कधी बोटीतून, कधी काठावरून चालत प्रवास केला. तो होता थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. इंग्लंडचा ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरही तरुणपणी हा कालवा पाहून गेला आणि घरी जाऊन त्याने स्वतःचा कालवा खणून घेतला.

1857 मध्ये बोर्दो ते सेत रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कंपनीने कालवा भाड्याने घेतला. स्पर्धकाच्या हातात चावी गेल्यावर जे होतं तेच झालं. विसावं शतक संपेपर्यंत मालवाहतूक थांबली. 1996 मध्ये युनेस्कोने कालव्याला जागतिक वारसा घोषित केलं. तेव्हा त्यावर मालाच्या नाही, सुट्टीच्या बोटी होत्या.

आणि काठावर सायकली.

आज तिथे काय आहे?

अटलांटिक किनाऱ्यावरच्या रुवायाँपासून भूमध्य समुद्रावरच्या सेतपर्यंत सुमारे 750 किलोमीटरचा सायकलमार्ग आता आखलेला आहे. बोर्दोकडून तुलूझला येताना तो गारोनच्या बाजूने 19 व्या शतकात खणलेल्या दुसऱ्या कालव्याच्या काठाने येतो आणि तुलूझनंतर रिकेच्या कालव्याला लागतो.

तुलूझपासून लोरागेमधल्या पहिल्या 50 किलोमीटरवर डांबरी सायकलवाट आहे. लहान पोरांना घेऊन जाणारी कुटुंबंही इथे दिसतात. पुढे वाट कच्ची होते. खडी, माती, मध्येच झाडांची मुळं, त्यामुळे रेसिंगच्या बारीक टायरवाल्यांची पंचाईत होते. चढ नसला तरी वारा आहे. ओतां नावाचा वारा आग्नेयेकडून येतो आणि सेर्स नावाचा पश्चिमेकडून. समोरून लागला की सपाट रस्ताही घाट वाटतो.

सावली देणारी प्लेन नावाची झाडं रिकेची नाहीत. बरीचशी 19 व्या शतकात लावलेली, एकूण 42 हजारांच्या आसपास. पण 2006 मध्ये त्यांना एक बुरशीचा रोग लागल्याचं दिसलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांमधून ती बुरशी फ्रान्समध्ये आली असं मानलं जातं. उपाय नाही, झाड तोडून जाळावं लागतं. हजारो झाडं गेली, त्यांच्या जागी दुसऱ्या जातींची लावली जात आहेत. काही ठिकाणी आज रणरणत्या उन्हातून सायकल न्यावी लागते आणि बाजूला कंबरेएवढी रोपं दिसतात.

नोरूझला पोहोचलात की थोडं थांबा. काळ्या डोंगरातून 60 किलोमीटर चालून आलेलं पाणी इथे कालव्यात पडताना दिसतं. काही पश्चिमेला जातं, काही पूर्वेला. जवळच रिकेच्या वंशजांनी 1820 च्या दशकात उभारलेला दगडी स्तंभ आहे.

त्या पाण्यावर आता राजाचा माल जात नाही, टोल घेणारं रिकेचं घराणंही नाही. पण काळ्या डोंगराचं पाणी अजून रिकेने आखलेल्या वाटेनेच येतं. ते यायचं थांबलं तर कालवा आटेल, आणि काठावरून जाणाऱ्या सायकलवाल्याला शेजारी फक्त एक कोरडा चर दिसेल.